पुन्हा सीमा बंद झाल्या तर माझ्या व्हिसाचं काय?

प्रश्न: ताई, मला मास्टर्ससाठी अमेरिका आणि कॅनडा अशा दोन्हीकडून ऑफर आली आहे. घरात आनंद झाला आणि लगेच वादही सुरू झाला. कारण माझा मावसभाऊ. २०२० च्या सुरुवातीला त्याला ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी व्हिसा लागला, तिकीट काढलं आणि तेवढ्यात सीमा बंद झाली. जवळजवळ सगळा अभ्यासक्रम त्याने घरी लॅपटॉपसमोर बसून केला. फी भरली ती भरलीच. आई म्हणते, पुन्हा एखादी साथ आली तर तुझंही तेच होणार. बाबा म्हणतात, वर्षभर डेफर कर, म्हणजे प्रवेश पुढे ढकल, मग बघू. आमचा एजंट म्हणतो, ‘साथीत सगळे नियम सैल होतात, व्हिसा आपोआप वाढतो, कशाला घाबरता?’ मला तिघांचंही थोडं थोडं पटतं. अशा वेळी नक्की काय होतं? आणि मी काय बघून ठरवावं?
— अर्धी बॅग भरलेली

उत्तर: अगं, सुरुवात एजंटापासून करू, कारण तिघांत सगळ्यात ठामपणे तोच बोलतोय आणि सगळ्यात कमी माहितीही तोच देतोय. साथीत नियम सैल होतात हे खरं आहे. पण ‘सगळे’ आणि ‘आपोआप’ हे त्याने पदरचं घातलंय. २०२० ते २०२३ या काळात बहुतेक मोठ्या देशांनी परदेशी विद्यार्थ्यांना सवलती दिल्या. त्यांतल्या जवळपास प्रत्येक सवलतीला एखादी तारीख चिकटलेली होती, एखादी अट होती, आणि ज्याचे कागद आधीपासून सरळ होते त्यालाच तिचा फायदा नीट घेता आला. अर्ज अर्धवट, मुदत उलटलेली, विद्यापीठाला पत्ताही कळवलेला नाही, अशांसाठी साथीतही दार क्वचितच उघडलं.

आता आईचा मुद्दा. आपण नुसतं ‘व्हिसा’ म्हणतो, पण त्यात तीन परवानग्या मिसळलेल्या असतात: देशात शिरण्याची, तिथे राहून शिकण्याची, आणि शिकून झाल्यावर तिथे काम करण्याची. एरवी हा फरक जाणवत नाही, कारण एकीमागून एक मिळत जातात. साथीत त्या एकमेकींपासून सुटतात. तुझ्या मावसभावाचंच घे. ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० ला सीमा बंद केली आणि लस घेतलेल्या विद्यार्थी व्हिसाधारकांना सरसकट आत घेतलं ते १५ डिसेंबर २०२१ पासून. तेही १ डिसेंबरला ठरलं होतं, ओमायक्रॉनमुळे दोन आठवडे लांबलं. पण याच काळात, जुलै २०२० मध्ये, तिथल्या सरकारने जाहीर केलं होतं की साथीमुळे देशाबाहेर राहून केलेला ऑनलाइन अभ्यास पदवीनंतरच्या वर्क व्हिसासाठी धरला जाईल, आणि साथीमुळे ज्यांचा अभ्यासक्रम व्हिसाच्या मुदतीत पुरा झाला नाही त्यांना नव्या अर्जाची फी पडणार नाही. म्हणजे शिरण्याची परवानगी अडकली, बाकीच्या दोन जपल्या गेल्या. आईने बंद दार पाहिलं, एजंट शाबूत कागद दाखवतोय. दोघंही खोटं बोलत नाहीत.

तेव्हा ‘व्हिसाचं काय होईल?’ असा एकच प्रश्न विचारू नकोस. तीन विचार.

पहिला प्रश्न शिरण्याचा, आणि त्यात व्हिसा कार्यालयांचं कामकाज आलं. ही कार्यालयं बंद पडतात तेव्हा सगळ्यात आधी अडतात ते बोटांचे ठसे. अर्ज ऑनलाइन भरता येतो, फी ऑनलाइन जाते, बँकेची कागदपत्रं स्कॅन करून चढवता येतात. पण दहा बोटं काचेवर टेकवायला माणसालाच जावं लागतं, आणि नेमकं तेच साथीत बंद असतं. अमेरिकेने २० मार्च २०२० ला जगभरच्या वकिलातींतली नेहमीची व्हिसा सेवा थांबवली आणि जुलैपासून टप्प्याटप्प्याने सुरू करायला घेतली. मग गर्दी कमी करायला सरळ हिशोब केला: ज्यांचे ठसे आणि पूर्वीची नोंद आपल्याकडे आहे, त्यांना बोलवायचंच कशाला? जुना व्हिसा संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत त्याच प्रकारचा व्हिसा पुन्हा मागणाऱ्यांना मुलाखत माफ करता येत असे. ती मर्यादा ऑगस्ट २०२० मध्ये २४ महिने झाली, मार्च २०२१ मध्ये ४८. कॅनडानेही देशात आधीच असलेल्या विद्यार्थ्यांना आणि कामगारांना मुदतवाढीच्या अर्जासाठी बायोमेट्रिक, म्हणजे ठसे आणि फोटो, माफ केलं.

यातली मेख तुझ्या लक्षात आली असेल. या सगळ्या सोयी जुन्या माणसांच्या. तुझ्यासारखी पहिल्यांदाच जाणारी मुलगी त्यांत कुठेच बसत नाही. तिला स्लॉट, म्हणजे वकिलातीतली ठरलेली वेळ, लागतो, आणि कार्यालय उघडलं की त्या स्लॉटवर सगळ्यांची एकदम उडी पडते. जून २०२१ मध्ये भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती पुन्हा सुरू केल्या तेव्हा तसंच झालं. कर्मचाऱ्यांनी त्या मोसमात ५५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना आणि एक्स्चेंजवर जाणाऱ्यांना व्हिसा दिले ही त्यांची कमालच, पण रात्र-रात्र स्क्रीन रिफ्रेश करत बसलेल्यांना तो आकडा तेव्हा दिसत नव्हता. या गोंधळात ‘स्लॉट मिळवून देतो, लॉगिन द्या’ म्हणणारे उगवतात. आपलं लॉगिन कुणालाही द्यायचं नाही, एजंटालाही नाही. प्रोफाइल लॉक झालं तर निस्तरायचं तुलाच.

अमेरिकेचं ठरलं तर एक गोष्ट पदरात पाडून घे. तिथला विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम सुरू व्हायच्या ३६५ दिवस आधीपर्यंत देता येतो, देशात मात्र ३० दिवस आधीपासूनच जाता येतं. मग आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रवेशपत्र, आल्यावर महिनाभर शुभमुहूर्त पाहत बसण्यात काय अर्थ आहे? व्हिसा हातात असलेला आणि व्हिसाच्या रांगेत असलेला, या दोघांना साथीत फार वेगळी वागणूक मिळते. कॅनडाचं उदाहरण बघ. मार्च २०२० मध्ये सीमा बंद करताना त्यांनी १८ मार्चपर्यंत ज्यांचा स्टडी परमिट मंजूर झाला होता त्यांना सूट दिली. ज्यांची मंजुरी त्यानंतर आली ते २० ऑक्टोबर २०२० पर्यंत ताटकळले. तेव्हासुद्धा ज्या संस्थांचा कोविडविषयीचा आराखडा प्रांताने मंजूर केला होता, त्यांच्याच विद्यार्थ्यांना येऊ दिलं. म्हणजे विद्यार्थ्याचे कागद चोख असूनही कॉलेजचं नाव यादीत नसेल तर घरीच.

आणि दार उघडलं तरी रस्ता असेलच असं नाही. २२ एप्रिल २०२१ पासून कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं थांबवली, ती सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाली. विद्यार्थ्यांना बंदी नव्हती! फक्त निघण्याआधीची चाचणी तिसऱ्या देशात करून यायची अट होती. त्यामुळे मुलं दोन-तीन तिकिटं जोडून निघाली. मधल्या देशात उतरायचं, तिथे स्वॅब द्यायचा, अहवालाची वाट बघत थांबायचं, आणि अहवाल पॉझिटिव्ह आला तर पुढचं विमान सोडून परक्या देशात विलगीकरणात बसायचं. त्या मधल्या देशाचे प्रवेशनियमही दर आठवड्याला बदलत होते. ब्रिटनने त्याच सुमारास भारताला लाल यादीत टाकलं. तिथे पोहोचणाऱ्याला दहा दिवसांच्या हॉटेल विलगीकरणाचे १,७५० पौंड स्वतःच्या खिशातून भरावे लागले. कर्जाच्या रकमेत असला खर्च कुणी धरलेला नसतो. म्हणून बाबांना सांग: डेफर करण्यापेक्षा आणीबाणीचा निधी वेगळा काढा. एकदा परतीचं तिकीट, दोन-तीन महिन्यांचं राहणं-खाणं, एवढं तरी कर्जाबाहेर हवं. अडचणीत परदेशी विद्यार्थ्याला तिथलं सरकार पोसेल हा भरवसा धरू नये. ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन पंतप्रधानांनी एप्रिल २०२० मध्ये, स्वतःचा खर्च भागत नसेल तर मायदेशी परत जा, असं उघड सांगून टाकलं होतं.

दुसरा प्रश्न राहून शिकण्याचा. इथे अमेरिकेत २०२० मध्ये जे झालं ते नीट समजून घे, कारण सवलत कशी येते, कशी जाते आणि कुणाला सोडून जाते, हे त्या एकाच प्रकरणात दिसतं. एरवी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला पूर्णवेळ अभ्यासाच्या हिशोबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरता येतो. मार्च २०२० मध्ये विद्यापीठांनी वर्ग बंद केले तेव्हा ही अट तशीच राहिली असती तर लाखो विद्यार्थी एका झटक्यात नियमबाह्य ठरले असते. म्हणून ती शिथिल झाली. मग ६ जुलैला इमिग्रेशन विभागाने जाहीर केलं की येत्या सत्रात ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्यांनी देश सोडावा किंवा प्रत्यक्ष शिकवणाऱ्या संस्थेत बदली घ्यावी. ८ जुलैला हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले. १४ जुलैला बॉस्टनच्या सुनावणीत सरकारने माघार घेतली. आठ दिवसांत हुकूम आला आणि गेलाही. मधल्या काळात किती जणांनी घाबरून तिकिटं काढली असतील, विचार कर. ज्यांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या ई-मेलची वाट पाहिली, त्यांचं काही बिघडलं नाही.

बातम्या इथेच थांबल्या. पण २४ जुलैला एक खुलासा आला, त्यावर फारशी चर्चा झाली नाही. माघारीचा फायदा जुन्या विद्यार्थ्यांनाच होता. ९ मार्च २०२० ला ज्यांचं नाव कुठल्याही अमेरिकी संस्थेत नोंदलेलं नव्हतं, अशा नव्या विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन असेल तर त्यांना देशात येता येणार नव्हतं. एकाच विद्यापीठात, एकाच वर्गात, दोघांसाठी दोन नियम, तेही केवळ एका तारखेमुळे. एजंट ‘आपोआप’ म्हणतो तेव्हा त्याला हे विचार.

सवलतीच्या कडा किती धारदार असतात त्याचा आणखी एक नमुना. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, असलेल्यांना आठवड्याला किमान २० तास काम दाखवावं लागतं. साथीत तास कमी झाले तरी ते कामावरच आहेत असं धरलं गेलं. पण ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही, ती मर्यादा तशीच राहिली. तास कापले गेले तर संरक्षण, नोकरीच गेली तर दिवस मोजणं सुरू. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम वाचायचा तो आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवून.

चांगलंही झालं काही. आय-२० पूर्वी शाईच्या सहीसह कुरिअरने यायचा, तो ई-मेलने आलेला चालू लागला. पाच महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की विद्यार्थ्याचं स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा, जातं, हा नियम ऑनलाइन अभ्यास चालू ठेवणाऱ्यांना लावला नाही. पण चालू ठेवणाऱ्यांनाच, हे लक्षात घे. एक सेमिस्टर ‘जाऊ दे, नंतर बघू’ म्हणून न कळवता सोडलं असतं तर हे छत्र डोक्यावर नव्हतं.

कॅनडात राहण्याबाबत एक कायमचा नियम आहे आणि साथीत त्याने अनेकांना तारलं. परमिटची मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज केला असेल तर निर्णय लागेपर्यंत देशात राहून जुन्याच अटींवर शिकता येतं. अर्ज एक दिवस उशिरा गेला तर हा हक्क नाही. २०२० मध्ये ज्यांची मुदत उलटून गेली होती त्यांना स्टेटस परत मिळवायला जास्त अवधी दिला गेला, पण ती त्या वेळेपुरती मेहेरबानी होती.

तिसरा प्रश्न शिकल्यानंतरच्या कामाचा, आणि कर्ज काढून जाणाऱ्याला खरा घोर याचाच असतो. कॅनडात नेहमीच्या दिवसांत देशाबाहेर बसून केलेला अभ्यास पदवीनंतरच्या वर्क परमिटसाठी धरत नाहीत. मे २०२० मध्ये त्यांनी अर्ध्यापर्यंतचा अभ्यासक्रम बाहेरून केला तरी चालेल म्हटलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये तर अख्खा. ब्रिटननेही ग्रॅज्युएट रूट या पदवीनंतरच्या कामाच्या नव्या व्हिसासाठी अमुक तारखेपर्यंत देशात या, अशी अट घातली आणि मग ती तारीख एकाहून जास्त वेळा पुढे ढकलली. हा उदारपणाच. पण कॅनडाची सवलत टप्प्याटप्प्याने मागे घेतली गेली, आणि अमेरिकेतली ऑनलाइन वर्गांची मुभाही २०२२-२३ च्या शैक्षणिक वर्षाबरोबर आटोपली. पुढच्या साथीत हीच सवलत याच शब्दांत मिळेल असं धरून चालू नकोस.

आता तुझ्या दोन ऑफरबद्दल. मागच्या साथीवरून बोलायचं तर कॅनडाने दार उशिरा उघडलं पण बाहेर बसून केलेला अभ्यास मोठ्या मनाने मोजला. अमेरिकेने ऑनलाइन नव्यांना अडवलं, पण मे २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्यांवर बंदी घालताना ऑगस्टपासून अभ्यासक्रम सुरू होणाऱ्या विद्यार्थ्यांना वगळलं. यावरून एक देश ‘सुरक्षित’ आणि दुसरा ‘धोक्याचा’ असा निकाल मी देणार नाही, आणि कुणी देत असेल तर तो काय विकतोय ते बघ. त्यापेक्षा तुझा अभ्यासक्रम बघ. प्रयोगशाळा, स्टुडिओ, रुग्णालय यांवर तो उभा असेल तर ऑनलाइन वर्ष तुला महागात पडेल. चीनमध्ये वैद्यकीय शिकणाऱ्या आपल्या मुलांचे हाल आठव. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली, भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा मिळू लागले ते २४ ऑगस्ट २०२२ पासून, आणि इकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने निव्वळ ऑनलाइन केलेली पदवी मानणार नाही असं बजावलं. बिचारी मुलं दोन्ही देशांच्या नियमांत भरडली गेली. तुझी पदवी परवान्याच्या व्यवसायातली असेल तर इथली नियामक संस्था ऑनलाइन भागाकडे कसं बघते, तेही आधीच विचारून घे.

लसीचा मुद्दा थोडक्यात, पण विसरू नको. २०२१ मध्ये लस घेऊनही मुलं अडली. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं, अभ्यासक्रम त्याआधी सुरू होत होता. ७ जून २०२१ ला सरकारने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते २८ दिवसांवर आणलं आणि प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडायची सोय केली. तरी कोविशील्डच्या भारतीय प्रमाणपत्राला ब्रिटनची मान्यता ११ ऑक्टोबरला मिळाली, आणि कोव्हॅक्सिन जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आली ३ नोव्हेंबरला. तसंच इंग्रजीच्या परीक्षेचं. केंद्रं बंद असताना घरबसल्या परीक्षा सुरू झाल्या, बऱ्याच विद्यापीठांनी त्या मान्य केल्या, पण ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी व्हिसासाठी त्या चालवून घेतल्या नाहीत. विद्यापीठाचा होकार आणि व्हिसा विभागाचा होकार वेगवेगळा मागायचा.

या आठवड्यात तू दोन्ही विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयांना एक साधा ई-मेल टाक. विचार, की सत्र सुरू व्हायच्या आधी मी पोहोचू शकले नाही तर काय पर्याय आहेत, पहिला भाग ऑनलाइन झाला तर त्याचा पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीवर काय परिणाम होईल, अशा वेळी फी आणि अनामत परत मिळते का, आणि आरोग्यविम्यात साथीचा आजार व विलगीकरण धरलंय का. फोनवर विचारू नको, लेखी उत्तर घे. उत्तर किती दिवसांनी आणि किती नेमकं येतं, त्यावरूनही तुला त्या कार्यालयाचा अंदाज येईल. अडचणीच्या काळात तुझा खरा आधार तेच लोक असतात, एजंट नाही. पोहोचल्यावर स्थानिक पत्ता आणि फोन बदलला की लगेच कळव, आणि आय-२० किंवा परमिट, प्रवेशाची नोंद, फीच्या पावत्या, गुणपत्रकं, या सगळ्याच्या प्रती ऑनलाइन क्लाउडवर आणि घरी आईकडे, दोन्हीकडे ठेव. बातमी आली की आधी विभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघ, मग विद्यापीठाचा ई-मेल वाच, व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यात शेवटी. सवलतीच्या घोषणेत तीन गोष्टी शोधायच्या: ती कोणत्या तारखेला कुठे असलेल्यांसाठी आहे, कधी संपते, आणि अर्ज करावा लागतो का.

आणि डेफरचं म्हणशील तर नुसत्या भीतीपोटी करू नको. पुढच्या वर्षी साथ नसेल याची हमी कुणाकडे आहे? डेफर केल्यावर प्रवेशपत्र नव्या तारखेचं लागतं, शिष्यवृत्ती टिकेलच असं नाही, फी वाढू शकते, आणि कर्जाची मंजुरी पुन्हा करावी लागू शकते. खरोखर साथ दारात उभी राहिली, वर्ग पूर्ण ऑनलाइन जाहीर झाले आणि तुझं काम प्रयोगशाळेचं असेल, तर मात्र बिनधास्त डेफर कर, तेव्हा त्यात शहाणपण आहे. दोन्ही विद्यापीठांत डेफरची विनंती कधीपर्यंत करता येते आणि अनामत रक्कम पुढे ओढता येते का, हे त्याच ई-मेलमध्ये विचारून ठेव. ती तारीख बाबांना कॅलेंडरवर लिहून दे. तोवर स्लॉट घे आणि बॅगेचं उरलेलं अर्धं भरायला लाग.